बॅटरी बदलली, पण दोष तसाच! – घरी बनवलेल्या गाडीच्या अल्टरनेटरचे निदान



आज विषय जरा वेगळा आहे. प्राथमिक शाळेतली बाई गाडीच्या दुरुस्तीवर का लिहितेय, असं वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा, विषय आपल्या वर्गापर्यंतच येणार आहे.

माझ्या दादाचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. त्याने दोन वर्षं खपून एक छोटी चारचाकी बनवली. चौकटीला लोखंडी पाइप, जुन्या जीपचं डिझेल इंजिन, भंगारातून आणलेला अल्टरनेटर आणि वायरिंग सगळं स्वतःच्या हातचं. नोंदणीशिवाय अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून ती आमच्या शेतातच फिरते.

पावसाळा संपला आणि गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक-टक. डॅशबोर्डवरचा बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा गाडी चालू असतानाही पेटलेलाच. बघणारा प्रत्येक जण म्हणाला, "बॅटरी गेली." दादाने पाच हजारांच्या वर पैसे मोजून नवी बॅटरी आणली. आठ दिवसांत तीही उतरली. मग कोणीतरी म्हणालं, "आता अल्टरनेटरच बदला." दादा पैशांची जुळवाजुळव करायला लागला, तेव्हा मी म्हटलं, "दादा, थांब. आधी मोजून तर बघू."

अल्टरनेटर काय करतो?

गॅरेजवाले आजही त्याला 'डायनामो' म्हणतात. इंजिनच्या पट्ट्यावर तो फिरतो आणि वीज तयार करतो. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की वेटोळ्यात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं. तेच तत्त्व इथे आहे. आत फिरणारा भाग म्हणजे रोटर. तो विद्युतचुंबक असतो. त्याच्याभोवती स्थिर वेटोळी असतात, तो स्टेटर. त्यात तयार होणारी वीज उलटसुलट दिशेने वाहणारी असते. डायोड ती एका दिशेची करतात आणि रेग्युलेटर व्होल्टेज आवरून धरतो.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. रोटर हा कायमचा चुंबक नाही. त्याला चुंबक बनवायला सुरुवातीला थोडी वीज बाहेरून द्यावी लागते. आमच्या गोष्टीची चावी इथेच आहे.

आम्ही काय तपासलं?

माझ्याकडे अडीचशे रुपयांचा साधा मल्टिमीटर होता. तो डीसी २० व्होल्टवर ठेवला.

१) इंजिन बंद, बॅटरीचं व्होल्टेज. चांगल्या, भरलेल्या बॅटरीला साधारण १२.६ असतं. आमच्याकडे रात्रभर चार्जिंगला लावलेली बॅटरी १२.५ दाखवत होती. म्हणजे बॅटरी ठीक!

२) इंजिन चालू, पुन्हा बॅटरीवरच. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा यायला हवा. आमचा आला १२.२, आणि तो हळूहळू उतरत होता. म्हणजे बॅटरी फक्त देत होती, तिला मिळत काहीच नव्हतं. पेट्रोलची गाडी असती तर वाटेतच बंद पडली असती. हे जुनं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की विजेवाचून चालत राहतं, म्हणून दोष कळायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळी.

३) पट्टा. इंजिन बंद करून अंगठ्याने दाबून पाहिला. साधारण एक सेंटिमीटर दबला, म्हणजे ढिला नव्हता.

४) इंजिन पुन्हा चालू करून अल्टरनेटरच्या जाड तारेचं टर्मिनल आणि त्याची बॉडी यांच्यामधलं व्होल्टेज. इथे १४ आणि बॅटरीवर १२ आलं असतं, तर दोष मधल्या वायरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये असता. घरी बनवलेल्या गाडीत हे फार होतं. चौकटीला रंग दिलेला असतो आणि अर्थिंगची वायर त्या रंगावरच आवळलेली असते. रंगातून वीज जात नाही! पण आमच्याकडे इथेही १२.२ च. म्हणजे वीज तयारच होत नव्हती.

५) चुंबकाची परीक्षा. इंजिन बंद, फक्त चावी ऑन. स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या पुलीजवळ नेलं. रोटर चुंबक झाला असेल तर ओढ जाणवते. आमच्या हाताला जवळपास काहीच जाणवलं नाही.

आता प्रश्न एवढाच उरला, की रोटरपर्यंत सुरुवातीची वीज का पोहोचत नाही?

दोष सापडला

अनेक जुन्या अल्टरनेटरमध्ये ही वीज डॅशबोर्डवरच्या त्या लाल दिव्यातूनच जाते. दिव्याचं एक टोक चावीकडे, दुसरं अल्टरनेटरच्या छोट्या टर्मिनलला. चावी ऑन केली की वीज दिव्यातून रोटरमध्ये जाते. दिवा पेटतो आणि रोटर चुंबक होतो. अल्टरनेटर वीज बनवू लागला की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं आणि दिवा विझतो. दोन टाक्यांतली पातळी सारखी झाली की मधल्या नळीतलं पाणी थांबतं, तसंच.

मी विचारलं, "दादा, इथे बल्ब कुठला लावलायस?"

"जुना उडाला होता गं, पावसाळ्यात. मग एलईडी टाकला. वीज कमी खातो ना!"

तिथेच घोळ होता. १२ व्होल्ट, २ वॉटच्या साध्या बल्बमधून सुमारे १७० मिलिअँपिअर वीज वाहते. छोट्या एलईडीमधून जेमतेम १० ते २०. एवढ्याने रोटर जागा होत नव्हता. चढावर इंजिन जोरात फिरलं, की लोखंडात उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर तो कधीतरी चालू व्हायचा. म्हणून गाडी कधी चार्ज व्हायची, कधी नाही.

आम्ही तीस रुपयांचा साधा बल्ब लावला. चावी ऑन केली, दिवा पेटला. इंजिन सुरू केलं, दिवा विझला. मीटरवर १४.१! दादा मीटरकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "म्हणजे जुनी बॅटरीसुद्धा चांगलीच होती की!" खरंच, चार्ज करून पाहिली तर ती आजही चालते.

सगळ्याच गाड्यांत असं नसतं, हेही सांगते. काही अल्टरनेटर दिव्यावर अवलंबून नसतात. कधी कार्बन ब्रश झिजतात, कधी रेग्युलेटर किंवा डायोड जातो. तेव्हा अल्टरनेटर उघडावाच लागतो आणि ते काम जाणकाराचंच. पण त्याआधीच्या पाच पायऱ्या फुकट आहेत.

काळजी घ्या

• चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून "चार्जिंग होतंय का" ते बघायची सवय अनेकांना आहे. असं करू नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि चांगला रेग्युलेटर जळू शकतो.
• पट्ट्याजवळ ओढणी, पदर, मोकळे केस नकोत.
• बॅटरीजवळ ठिणगी नको. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो.

आणि आपला वर्ग?

दिव्यावर चित्र बॅटरीचं होतं, म्हणून सगळ्यांनी बॅटरीला दोष दिला. खरं तर तो दिवा फक्त "चार्जिंग होत नाही" एवढंच सांगत होता. कारण शोधणं आपलं काम होतं.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा वजाबाकीत सतत चुकायचा. त्याच्या नावापुढे 'गणितात कच्चा' असा शेरा आधीपासून होता. घरच्यांनी शिकवणी लावली, मीही जास्तीची गणितं दिली. दादाने नवी बॅटरी आणली, तसंच हे! शेवटी त्याच्या वहीतली सगळी उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. ६५३ – २७८ बरोबर, ५०३ – २७८ चूक. दशकाच्या घरात शून्य आलं की हातचा कुठून घ्यायचा, एवढंच त्याला कळत नव्हतं. शंभराची एक नोट सुटी करून दहाच्या दहा नोटा हातात दिल्या. तीन दिवसांत अडचण सुटली.

निदानात्मक चाचणी आपण सगळेच घेतो, तक्ते भरतो. पण चाचणी गुणांसाठी नसते, वीज नेमकी कुठे अडली ते शोधण्यासाठी असते. पुढच्या वेळी एखाद्या मुलाला 'कच्चा' म्हणण्याआधी एक पायरी मागे जाऊन मोजून पाहा. पालकांनीही शिकवणीचे पैसे भरण्याआधी मुलाची वही घेऊन त्याच्याजवळ बसावं. कदाचित तिथेही फक्त तीस रुपयांचा बल्बच बदलायचा असेल.