काटकोनात बसून पाठ वाचत नाही

'ताठ बस, नाहीतर पाठ धरेल.' घरातल्या मोठ्यांपासून ऑफिसातल्या आरोग्य शिबिरापर्यंत हेच कानावर पडतं. शिबिरात चित्रही दाखवतात: कंबर, गुडघे, कोपर सगळं काटकोनात, आणि माणूस पुतळ्यासारखा. पाठीने हैराण झालेला माणूस दिवसभर तसं बसायला धडपडतो, संध्याकाळी पाठ आणखी आखडते आणि तो स्वतःच्या सवयींना बोल लावतो. त्याच्या माथी हा दोष मारणं आता पुरे झालं.

अमुक एक बैठक 'योग्य' आणि तिनेच पाठदुखी टळते, याला भक्कम पुरावा नाही. 2019 साली 'जर्नल ऑफ ऑर्थोपेडिक अँड स्पोर्ट्स फिजिकल थेरपी'मध्ये संशोधकांनी हे स्पष्ट लिहिलं. काटकोनाचं म्हणाल, तर 2006 मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला 22 निरोगी माणसांचे बसलेल्या स्थितीत एमआरआय काढले गेले. मणक्यांमधल्या चकत्या सर्वांत जास्त सरकल्या त्या 90 अंशांत ताठ बसल्यावर. मागे रेलून मांडी आणि धड यांत 135 अंशांचा कोन केला, तेव्हा सर्वांत कमी. प्रयोग छोटा आहे. त्यावरून सगळ्यांनी 135 अंशांतच बसावं असं ठरत नाही. पण पाठ टेकून बसणं म्हणजे आळस, हे तरी डोक्यातून जावं. बऱ्याचदा त्रास होतो तो एकाच स्थितीत तासन्‌तास जखडून राहिल्याने. रेला, पुढे वाका, पाय बदला, अर्ध्या तासाने उठून पाणी आणा.

मग टेबल-खुर्चीला महत्त्वच नाही का? आहे ना! घरून काम करणाऱ्यांचं जेवणाचं टेबल बघा. उंची साधारण अडीच फूट. त्यावर लॅपटॉप ठेवला की कोपर खाली राहतात, म्हणून खांदे उचलले जातात. पडदा खाली, म्हणून मान झुकते. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, त्यामुळे एक सोयीचा केला की दुसरा अडचणीचा होतोच. खुर्चीवर घडी केलेली गोधडी घाला, कोपर टेबलाच्या पातळीला येतील. पाय लोंबकळू लागले तर खाली पाट ठेवा. लॅपटॉप जाड पुस्तकांवर चढवा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि कीबोर्ड-माउस वेगळे जोडा. बायफोकल चष्मा असेल तर पडदा थोडा खालीच बरा, नाहीतर हनुवटी वर करून वाचावं लागतं. महागडी खुर्ची घेतली आणि तिची उंची कधी जुळवलीच नाही, तर पैसे वाया.

कमरेचा पट्टा? 2016 साली 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये आलेल्या आढाव्यात पाठदुखी टाळण्यासाठी पट्टे उपयोगी ठरल्याचं दिसलं नाही. व्यायाम आणि त्याच्या जोडीला माहिती, यांनी धोका घटला.

'एमआरआयमध्ये डिस्क झिजलेली आली, आता संपलंच.' तसं नाही. 2015 च्या एका मोठ्या आढाव्यात काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या 37 टक्के लोकांतही अशी झीज आढळली. मात्र पायातली ताकद कमी होणं, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि उभं राहून काम करणं हा रामबाण इलाज नव्हे. कापडाच्या दुकानात दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलींचे पाय, टाचा आणि कंबर रात्री किती ठणकतात, हे त्यांच्या घरच्यांना ठाऊक असतं. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कर्मचाऱ्यांना बसायची सोय देणं कायद्याने बंधनकारक केलं. प्रत्येक दुकानदाराने काउंटरमागे स्टूल ठेवावं, आणि गिऱ्हाईक नसताना त्यावर टेकलेल्या मुलीला रागावू नये.