हिपहॉप: ब्राँक्सची गल्ली आणि वऱ्हाडी बोली

हिपहॉप म्हटलं की आपण लगेच रॅप म्हणतो. रॅप हे त्यातलं एक अंग. डीजेचं काम, एमसीचं बोलणं, ब्रेकिंग हा नाच आणि भिंतीवरची ग्राफिटी, अशी चार अंगं धरतात. आफ्रिका बंबाटानं पुढे 'ज्ञान' हे पाचवं मानलं.

सुरुवात सांगतात ती ११ ऑगस्ट १९७३ ची, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली. सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळेसाठी नवे कपडे हवे होते, म्हणून तिनं इमारतीच्या हॉलमध्ये तिकीट लावून पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. गाणी लावायला भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क, जन्मानं जमैकाचा. त्याच्या लक्षात आलं होतं की गायक थांबून नुसता ताल उरला, की पोरं नाचायला धावतात. पण तो तुकडा असतो काही सेकंदांचा! मग त्यानं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती वापरल्या. एकीवर तुकडा संपत आला की दुसरीवर तोच सुरू. ताल तुटतच नाही. त्यावर नाचले ते बी-बॉय, आणि माइकवरून गर्दीला बोलतं ठेवणारा तो एमसी.

आता आपल्याकडे या. अमरावती-अकोल्यात 'हे आपलं नाही' म्हणणारे भेटतात. उसनं आहेच, त्यात लाज कसली? पण गर्दीला बोलतं ठेवणं इथं नवं नाही. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर सभा बांधून ठेवल्या. हे रॅप होतं असं मी म्हणणार नाही, वंशावळ वेगळी आहे. कानाला सवय आहे, एवढंच.

खरा प्रश्न बोलीचा. पुण्याला शिकायला गेलेलं आपलं पोरगं आठ दिवसांत 'मले'चं 'मला' करतं, कारण लोक हसतात. रॅपमध्ये मात्र तेच कामाला येतं बघा. मले, तुले, त्याले, कायले: यमक हाताशीच! 'काय करून रायला?' म्हटलं की ताल आपोआप पडतो. अमरावतीचा विपिन तातड जातीच्या प्रश्नावर रॅप करतो. मुंबईच्या 'स्वदेशी' गटानं २०१९ मध्ये आरेच्या जंगलासाठी 'द वारली रिव्होल्ट' केलं.

यंत्र महाग पडतं म्हणाल, तर तोंडानंच ताल धरता येतो. त्याला बीटबॉक्सिंग म्हणतात.