न सांगितलेला गुन्हा

प्राग शहरीं जन्मलेला फ्रान्ट्स काफ्का कामगारांच्या अपघात-विम्याच्या कचेरींत नोकरीस असे. नियमांचें दप्तर त्याच्या नित्य परिचयाचें होतें. त्याच्या मृत्यूनंतर, १९२५ सालीं, स्नेही माक्स ब्रोड यांनीं त्याची ‘खटला’ ही अपुरी जर्मन कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा नायक योसेफ क. यास तिसाव्या वाढदिवशीं सकाळींच अटक होते. गुन्हा मात्र शेवटपर्यंत कोणी सांगत नाहीं. आरंभीं तो कारण विचारतो. पुढें तो प्रश्न सोडून बचावाच्या खटपटींत गुरफटतो, आणि वर्षभरानें मारेकऱ्यांसोबत निमूट चालूं लागतो. नियमाचें कारण दडविलें, कीं माणूस स्वतःसच अपराधी मानूं लागतो. मीही वर्गांत ‘कां?’ विचारणाऱ्या मुलांस गप्प बसवीत असें. तेथें दोष मुलांचा नव्हता.