प्लॅस्टिकमधील रेणूंना लावलेले वळण

काचेतून तांबडा प्रकाश सोडला तर पलीकडे तांबडाच निघतो. हा सरळ हिशेब १९६१ साली मोडला. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणिक-लेसरचा ६९४.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा झोत क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाठविला, तेव्हा बरोबर निम्म्या तरंगलांबीचा, डोळ्यांस न दिसणारा जंबुपार प्रकाशही किंचित बाहेर पडला. छायाचित्रातील त्याचा ठिपका इतका पुसट होता की, निबंध छापताना तो डाग समजून काढून टाकण्यात आला, असे सांगतात!

या वर्तनास अरेषीय म्हणतात. प्रकाश हे विद्युत्क्षेत्राचे आंदोलन असून ते पदार्थातील इलेक्ट्रॉनांना झोके देते. झोका लहान असेतो दोन्ही बाजूंस सारखा जातो. लेसरच्या प्रखर क्षेत्रात मात्र, रेणूची घडण एकांगी असल्यास, तो एकीकडे अधिक व दुसरीकडे कमी जातो. त्या असमतोलातून दुप्पट वारंवारतेचा प्रकाश उपजतो.

असा एकांगी रेणू कापडाच्या धंद्यास नवा नाही. पॉलिएस्टर रंगविण्याच्या ‘डिस्पर्स रेड १’ या रंगद्रव्याच्या रेणूचे एक टोक इलेक्ट्रॉन देऊ पाहते, दुसरे ओढून घेते. तो ॲक्रिलिकसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये, म्हणजेच बहुवारिकात, नुसता मिसळला, तर जत्रेतील गर्दीप्रमाणे प्रत्येक रेणूचे तोंड निराळ्या दिशेस राहते आणि एकाचा परिणाम दुसरा पुसून टाकतो. म्हणून प्लॅस्टिकचा पातळ थर मऊ पडेपर्यंत तापवितात, प्रबळ विद्युत्क्षेत्र लावून रेणू एका दिशेस वळवितात आणि क्षेत्र तसेच ठेवून थर निववितात. स्फटिक वाढविण्याचे कष्ट वाचतात.

अशा थरावर विद्युत्दाब लावला की त्याचा अपवर्तनांक बदलतो आणि विजेचा संदेश प्रकाशावर चढविता येतो. प्रकाशतंतूंच्या दळणवळणास हेच हवे असते. २००० साली अमेरिकी संशोधकांनी एक व्होल्टहून कमी दाबावर चालणारे असे साधन करून दाखविले.

परंतु लावलेले वळण टिकत नाही. क्षेत्र काढल्यावर रेणू हळूहळू पुन्हा वाटेल तसे वळू लागतात, आणि यंत्रातील ऊब त्यांना साहाय्यच करते. रंगद्रव्य बहुवारिकाच्या साखळीस रासायनिक बंधाने जखडणे, साखळ्या एकमेकींत गुंफणे, पॉलिइमाइडसारखे उष्णतेस दाद न देणारे प्लॅस्टिक घेणे, हे उपाय झाले. पण जे सहज मऊ होत नाही, त्यातील रेणू वळविण्यास उष्णताही तितकीच अधिक लागते, व तीत रंगद्रव्यच करपण्याची भीती. शिवाय रेणू दाट भरले तर ते उलटसुलट जोड्या करून बसतात. म्हणजे अधिक भरूनही लाभ घटतो. लिथियम नायोबेटचा स्फटिक विद्युत्दाबास उत्तम बहुवारिकांहून कमी प्रतिसाद देतो. तरी त्याची घडणच पक्की असल्याने संदेशवहनाच्या कामात त्याने आपले स्थान राखले आहे.