मिरचीचे बी नुसते जपून भागणार नाही

चुरडा-मुरड्याने मिरची गेल्याची बातमी आली की चर्चा फवारणीपासून सुरू होते आणि फवारणीपाशीच संपते. २०२१ मध्ये आंध्र-तेलंगणात काळ्या फुलकिड्यांनी धुमाकूळ घातला, तेव्हाही हेच झाले. पण आपण लावतो त्या वाणांच्या अंगी अशा रोग-किडींशी झुंजण्याची ताकद किती, हे कोणी विचारत नाही. मिरची मूळची अमेरिका खंडातली. तिथे तिच्या पाच जाती लागवडीखाली आल्या. आपल्याकडची संकेश्वरी, ब्याडगी, ज्वाला, एवढेच काय ढोबळीसुद्धा, त्यांपैकी एकाच जातीची. रंग, आकार, तिखटपणा पाहून आपल्याला वैविध्य भरपूर वाटते. रोगापुढे मात्र ते अनेकदा तोकडे पडते.

फळकुजीचेच घ्या. पिकून लाल झालेल्या मिरचीवर खोलगट डाग पाडणारा हा बुरशीजन्य रोग. त्याला दाद न देणारे झाड सापडले ते तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राच्या संग्रहात. ‘पीबीसी ८०’ नावाचा हा नमुना दक्षिण अमेरिकेतल्या वेगळ्या जातीचा आहे. आपल्या मिरचीशी त्याचा थेट संकर केला तर गर्भ बहुधा बियातच मरतो. तो वेळीच काढून प्रयोगशाळेत वाढवावा लागतो, किंवा दोन्हींशी जुळणारी तिसरी जात मध्ये घालावी लागते. पुढे प्रतिकारशक्ती टिकवून नको असलेले गुण काढायला कित्येक पिढ्यांचे संकर करावे लागतात. हे काम एका हंगामाच्या अनुदानावर होत नाही. जगभरच्या संग्रहांतल्या १०,००० हून अधिक नमुन्यांची जनुकीय तपासणी करणारा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून नमुन्यांची नाती कळली, एकच बी अनेक ठिकाणी साठवल्याचेही दिसले. रोगाचा सामना कोण करील, हे मात्र झाड रोगट शेतात लावल्यावरच ठरते.

संकरित बियाणे भरघोस पिकत असताना जुनी वाणे कशाला, असे विचारले जाते. पण संकरितालाही आई-बाप लागतात, आणि दोघेही एकाच गोतावळ्यातले असले तर नवा गुण येणार कुठून? जनुक-संपादनाने हे सारे सुटेल, हा दुसरा युक्तिवाद. कोणते जनुक बदलायचे हे बहुधा आधी अशाच वेगळ्या झाडात शोधावे लागते. म्हणून कृषी विद्यापीठांनी भिवापुरीपासून गोव्याच्या खोला मिरचीपर्यंत सगळी स्थानिक वाणे रोगग्रस्त प्रक्षेत्रांवर दरवर्षी लावून निष्कर्ष जाहीर करावेत. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यालाही स्वतःचे वाण नोंदवता येते. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या राखलेले मिरचीचे बी आहे, त्यांनी ते जरूर नोंदवावे.