बिबट्याची धास्ती मनात घर करते तेव्हा

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात बिबट्याची भीती खरी आहे. तिला भित्रेपणा म्हणू नये.

● कारण : ऊसतोड सुरू झाली की बिबट्याचा आडोसा जातो, तो वस्तीजवळ दिसू लागतो. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्याचं मन सतत सावध राहतं.

● खुणा : छातीत धडधड, घशाला कोरड, उडालेली झोप. धोका नसतानाही हे आठवडेच्या आठवडे टिकलं, तर डॉक्टरांना दाखवा.

● उपाय : रात्री सोबतीनं, बॅटरी घेऊन निघा. घाबरल्यावर श्वास सावकाश, लांब सोडा. मुलांना भीती बोलून दाखवू द्या.

● मदत : मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ (२०२२पासून, मोफत, चोवीस तास, मराठीतही). बिबट्या दिसल्यास वनविभागाची हेल्पलाइन १९२६.