दूरची फाइल हाताशी आहे असं समजू नका

मंडळी, मलकापुरात चोवीस तास पाणी आणि तेही मीटरवर, हे इथं कुणाला सांगायला नको. त्याच मीटरचं उदाहरण घेऊ. समजा, सगळी रीडिंग्ज दूरच्या एका सर्व्हरवर फाइलमध्ये आहेत. रोज रात्री आपली पायथन स्क्रिप्ट ती आणणार आणि त्यावरून बिलं निघणार.

यासाठीची जुनी वाट म्हणजे एफटीपी. तिचा पहिला मसुदा १९७१ साली अभय भूषण यांनी लिहिला. हे कानपूर आयआयटीचे विद्यार्थी, तेव्हा एमआयटीत होते. पायथनसोबत एफटीपीलिब मॉड्यूल येतंच. जोडणी, लॉगिन, फाइल मागणं, सगळं पाच-सहा ओळींत. फाइल जणू आपल्याच डिस्कवर आहे असं वाटतं. गफलत इथंच होते.

एफटीपीत जोडण्या दोन असतात. एकीवरून हुकूम जातात, दुसरीवरून माल येतो. फाइल संपली हे कसं कळतं? नेहमीच्या पद्धतीत मालाची जोडणी बंद झाली, की संपली! पण लाइन तुटली तरी ती बंदच होते. म्हणून हुकमाच्या जोडणीवर सर्व्हरचं ‘२२६’, म्हणजे ‘काम पूर्ण’ हे उत्तर महत्त्वाचं. एफटीपीलिब त्याची वाट बघतं, नाही आलं तर एरर देतं. पण तोवर आलेली अर्धी फाइल डिस्कवर तशीच राहते. सकाळी बिलाचा प्रोग्रॅम ती मुकाट वाचतो आणि शेवटच्या गल्लीतल्या घरांची बिलंच निघत नाहीत.

मग करायचं काय? फाइल आधी तात्पुरत्या नावानं उतरवा. सर्व्हरला तिचा आकार विचारा, आपल्याकडचा ताडून बघा. जुळला तरच खरं नाव द्या. टाइमआउट जरूर द्या, नाहीतर स्क्रिप्ट रात्रभर नुसती वाट बघत बसेल.

आता कुणी विचारेल, पाठवणाराच अजून फाइल लिहीत असेल तर? बरोबर. तेव्हा आकार जुळूनही फाइल अर्धीच असते. म्हणून त्यालाही सांगा: तात्पुरत्या नावानं चढव, पूर्ण झाल्यावर नाव बदल.

शेवटचं. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो. शक्य असेल तिथं एसएफटीपी वापरा.